टेस्टरचे आठ दिवे लागले, तरी केबल चुकलेली असू शकते

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या लॅन केबलबद्दल एक सल्ला फिरतोय: ‘लॅन केबलला रंगांचा ठरावीक क्रम लागत नाही. दोन्ही टोकं सारखी ठेवा, केबल तपासायच्या टेस्टरचे आठ दिवे लागले की झालं. वायर कॅट ६ दर्जाची असली की स्पीड मिळणारच.’ तिन्ही गोष्टी लोकांना खड्ड्यात घालणाऱ्या आहेत.

आधी रंग. आठ तारा म्हणजे पीळ दिलेल्या चार जोड्या. पिळामुळे बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखा पडतो, आणि पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरकच वाचत असल्यानं तो कटतो. आरजे-४५ मध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये, पिनांच्या क्रमांकानुसार जोड्या बसतात १-२, ३-६, ४-५, ७-८ अशा. घात होतो तो या ३-६ पाशी. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा असा दिसायला सुबक क्रम लावलात, तर ३ वर पांढरा-हिरवा येतो आणि ६ वर निळा. एका सिग्नलच्या वाट्याला दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा! पिळाचा उपयोगच संपला.

साधा टेस्टर हे पकडत नाही. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे का, एवढंच तो बघतो. हातभर केबल अशीही चालून जाते. तीच हॉलमधून आतल्या खोलीपर्यंत नेली की लिंकचा स्पीड १००० एमबीपीएसवरून १०० वर उतरतो किंवा लिंक मधूनच तुटते, आणि बिचारा राउटर बदलला जातो.

रंगांचे ठरलेले क्रम दोन. त्यातल्या टी५६८बी चा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टी५६८ए मध्ये नारिंगी-हिरव्या जोड्यांची अदलाबदल होते. कुठलाही घ्या, घरभर एकच ठेवा.

कॅट ६ हे नाव वायरवर छापलेलं असतं; टोकाचं काम आपल्या हातात. पीळ १३ मिलिमीटरच्या वर उकलू नका. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत जाऊन दाबलं गेलंच पाहिजे, नाहीतर प्रत्येक ओढ थेट बारीक तारांवर येते. क्रिंप करून, म्हणजे कनेक्टर पक्कडीनं दाबून झालं की कॉम्प्युटरवर लिंक स्पीड बघा आणि एक मोठी फाइल पाठवून बघा.

आणि तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात वायर घेताना ‘सीसीए’ लिहिलेली घेऊ नका. ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, कॅटच्या मानकात ते बसतच नाही. त्याचा रोध जास्त, त्यामुळे केबलमधूनच वीज घेणारा कॅमेरा लांबवर नीट चालत नाही. शंका आली तर तार ब्लेडनं खरवडा. आतून चंदेरी निघाली तर परत करा.