चढलेला रफार

पुतणीच्या लग्नाच्या ३०० पत्रिका काल हाती आल्या. निमंत्रक म्हणून त्यावर कुणी ‘बर्हाटे’ होते. त्या गृहस्थांच्या बोलावण्यावरून मी स्वतःसुद्धा लग्नाला गेलो नसतो. साध्या अक्षरांतल्या प्रुफावर ‘बऱ्हाटे’ तपासून मीच सही केली होती. नंतर पुतणीला पत्रिका ‘जरा रॉयल’ हवीशी वाटली आणि ऑपरेटरने सगळा मजकूर बोरूच्या थाटाच्या एका वळणदार फॉन्टमध्ये ओतला. त्यात वेलांट्या मोराच्या तुऱ्यासारख्या झुलत होत्या, ‘श्री’ला दोन ओळी पुरेल एवढी शेपटी होती, नव्हता तो फक्त अर्धा ऱ.

दुकानात एक तरुण कुण्या दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करून घेत बसला होता. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत फरक असतो, पहिल्यांच्या हाती झारा असतो आणि दुसऱ्यांच्या हाती पोथी, हे मी ऑपरेटरला समजावत असताना तो तरुण मान न वळवता म्हणाला, “लग्नात दोघंही असतात की, काका.” मी दुर्लक्ष करून ‘सोयऱ्यांसह’चे ‘सोयर्यांसह’ झालेले दाखवले, तेव्हा त्याने खुर्ची पुढे ओढली, पत्रिका हातभर लांब धरून डोळे बारीक केले आणि निकाल दिला, “रफार भारी दिसतोय. मुकुटासारखा. आडनावाला वजन आलं.” मग अतिशय करुणेने त्याने मला विचारले, “तुम्हाला सुलेखन पाहिजे की शुद्धलेखन? दोन्ही एका बजेटमध्ये नाही बसत.” ऑपरेटर इतका हसला की माऊस घसरून दादांची अर्धी मिशी पुसली गेली. ती मात्र त्याने तत्काळ आणि फुकट दुरुस्त केली.

माझ्या बाबतीत ‘कॉम्प्युटरमध्ये हे अक्षरच नाही’ असे उत्तर मिळाले. जगभरच्या लिपींतल्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी क्रमांक देणाऱ्या युनिकोडने ऱ ला ०९३१ हा स्वतंत्र क्रमांक दिला आहे; पण पत्रिकांच्या दुकानांत अजून वावरणारे कित्येक फॉन्ट युनिकोडपूर्व काळातले, फार तर २५६ घरांचे. त्यांत वेलांट्यांना चार-चार घरे मिळतात आणि हिंदीचे ज्यावाचून अडत नाही असा आमचा अर्धा ऱ बेघर होतो. नाटकांची नावे हाताने रेखाटणाऱ्या कमल शेडगे यांना ‘हे अक्षर माझ्याकडे नाही, तुम्ही नाटकाचे नाव बदला’ असे कुणाला सांगावे लागले नसणार.

‘प्रुफावर सही तुमची’ म्हणून फेरछपाईचे पूर्ण पैसे मागितले गेले. त्यामुळे काल रात्रीपासून मी ब्लेडने रफार खरवडून त्या जागी काळ्या पेनाने ऱ ची कोर काढत बसलो आहे. एकशे चाळिसावी पत्रिका हातात असताना पुतणी डोकावली आणि म्हणाली, “काका, बाकी मस्त आहे, पण तेवढं एक अक्षर फॉन्टला मॅच होत नाहीये.”