कुडाळच्या वाचकांना उत्तर : महामार्ग नेमका किती झाला?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं असं की, मुंबई-गोवा महामार्गावरच्या माझ्या लेखात नुसते खड्डे आहेत, सरकारनं केलेलं काम कुठेच नाही. आणि काम रखडलं ते जमिनी अडवून धरणाऱ्या आपल्याच लोकांमुळे.

काम झालंय, यात वादच नाही. सिंधुदुर्गातला कणकवली ते झाराप रस्ता चांगला आहे. कशेडी घाटातल्या बोगद्याची एक बाजू २०२३ च्या गणपतीआधी खुली झाली आणि घाटातली ती वळणं टळली. त्या घाटात ज्यांनी घरची माणसं गमावली, त्यांना बोगद्याचं मोल सांगावं लागत नाही.

पण तुम्ही कुडाळहून मुंबईला निघालात की राजापूरनंतर काय होतं? लांजा, पाली, हातखंबा, निवळी, संगमेश्वर. चांगलं काँक्रीट मध्येच संपतं, रंगाचे पट्टे मारलेली पिंपं आडवी येतात आणि गाडी मातीच्या डायव्हर्जनवर उतरते. काँक्रीटच्या कडेला खाली वीतभर पायरी असते. पावसात तिथे लाल पाणी भरलं की दुचाकीवाल्याला ती कडा दिसतच नाही. पुढे माणगावच्या बाजारपेठेत तासन् तास अडकायचं, कारण बायपास रखडलेला. ‘इतके टक्के काम पूर्ण’ या आकड्यात हे काहीच दिसत नाही. सोपे पट्टे आधी उरकले, पूल आणि बायपास मागे राहिले, आणि जीव जातात ते नेमके या मधल्या तुकड्यांत.

आता जमिनीचं. भूसंपादनाचे वाद झाले, खरं आहे. पण जमिनी सिंधुदुर्गातल्या लोकांनीही दिल्या आणि तिथे रस्ता झाला. रायगडमधलं पनवेल-इंदापूर हे ८४ किलोमीटरचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि रखडलं. कर्नाळा अभयारण्याच्या परवानग्या, ठेकेदाराकडे पैसा नसणं, ही कारणं शेतकऱ्याच्या माथी कशी मारणार? रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवली ते वाकेड पट्ट्यात ठेकेदार बदलावे लागले, तेही गावकऱ्यांमुळे नव्हे. चिपळूणजवळ परशुराम घाटात डोंगर उभा कापला, त्यानंतर पावसाळ्यात दरडी येऊन रस्ता बंद ठेवायची वेळ आली. वर परशुराम गाव, खाली पेढे गाव. दोन्ही गावं जीव मुठीत धरून. कोकणातल्या मातीला किती पाणी झेपतं हे इथलं पोरगंही सांगेल, ते आराखड्यात का नव्हतं?

आणि सरकारला जमत नाही असं मी कधीच म्हणणार नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या गेल्या. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, जून २०१७ मध्ये, नवा पूल उभा होता. मनावर घेतलं तर काय होतं ते सरकारनंच दाखवलंय. मग निवळीच्या पुलासाठी एवढी वर्षं का, हा प्रश्न विचारणं म्हणजे सरकारविरोध नव्हे.

मागणी काय, असं तुम्ही शेवटी विचारलंत. प्रत्येक अर्धवट पुलाशी ठेकेदाराचं नाव, जबाबदार अभियंत्याचा फोन आणि पूर्ण होण्याची तारीख लिहिलेला फलक हवा. प्रत्येक डायव्हर्जनवर रात्री चमकणाऱ्या पट्ट्या आणि दिवे हवेत. याला भूसंपादन लागत नाही, आणि हे येत्या गणपतीआधी होऊ शकतं.