कागद मागणे म्हणजे कर्ज बुडवणे नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील स्टोअर कार्डांच्या (दुकानाच्या नावाने मिळणाऱ्या उधारीच्या कार्डांच्या) थकबाकीसाठी येणाऱ्या तगाद्याच्या फोनविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. लेख न वाचलेल्यांसाठी ते आधी थोडक्यात नोंदवतो. वस्तू उधारीवर घेताना कोणालाही कायदा आठवत नाही, फोन सुरू झाल्यावर मात्र कलमे आठवतात आणि अशा लोकांना मी पळवाट दाखवतो आहे, हा पहिला आक्षेप. माझा सल्ला मानून आपण वसुली एजन्सीला ‘यापुढे संपर्क करू नये’ असे पत्र पाठवलेत, फोन थांबले, पण दोन महिन्यांनी थेट कोर्टाचे समन्स आले, हा दुसरा. आणि फोन जर कार्ड देणाऱ्या बँकेकडूनच येत असतील, तर मी सांगितलेला केंद्रीय कायदा तेथे लागूच होत नाही, हे मी लिहिलेले नाही, हा तिसरा.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तेथे आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे आणि चूक माझी आहे. १९७७ साली संमत झालेला ‘फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्ट’ हा प्रामुख्याने दुसऱ्याच्या वतीने वसुली करणाऱ्या एजन्सींना, बुडीत खाती विकत घेऊन वसुली हाच मुख्य धंदा करणाऱ्या कंपन्यांना आणि वसुलीची कामे नियमितपणे घेणाऱ्या वकिलांना लागू होतो. ज्याने मुळात उधार दिले, तो स्वतःच्या नावाने फोन करत असेल, तर तो या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. स्टोअर कार्डाच्या बाबतीत हे अधिक फसवे असते, कारण कार्डावर दुकानाचे नाव ठळक असते आणि उधार देणाऱ्या बँकेचे नाव मागच्या बाजूला, चष्मा लावून शोधावे लागेल इतक्या बारीक अक्षरांत असते. खाते सलग १८० दिवस थकले की बँक ते बुडीत खात्यात टाकते आणि त्यानंतर ते बहुतेक वेळा एजन्सीकडे जाते किंवा विकले जाते, म्हणजेच पहिल्या सहा महिन्यांतील फोन पुष्कळदा बँकेचेच असतात. काही राज्यांचे कायदे मात्र मूळ धनकोलाही आवरतात. कॅलिफोर्नियाचा रोझेन्थल कायदा हे त्याचे ठळक उदाहरण आहे, टेक्सास आणि फ्लोरिडा येथेही तशी तरतूद आहे. मूळ लेखात मी ही दुरुस्ती आता केली आहे. फोन आला की सर्वप्रथम ‘आपण कोणाच्या वतीने बोलत आहात आणि हे खाते आज कोणाच्या मालकीचे आहे’ हे विचारावे, असा सल्ला मी तेथे सर्वांत वर घ्यायला हवा होता.

आता दुसरा आक्षेप. आपल्या बाबतीत जे घडले त्याचे मला वाईट वाटते आणि त्यात माझ्या लेखनाचा दोष आहे, हेही मान्य करतो. मी दोन वेगळ्या पत्रांविषयी एकाच परिच्छेदात लिहिले आणि वाचणाऱ्याला ती एकच वाटावीत अशी माझी वाक्यरचना होती. एक पत्र असते कर्जाचा तपशील आणि पुरावा मागणारे, दुसरे असते संपर्क पूर्णपणे थांबवणारे. दुसरे पत्र मिळाल्यावर एजन्सीने संपर्क थांबवणे बंधनकारक आहे. त्यानंतर ती फक्त वसुलीचे प्रयत्न सोडल्याचे किंवा अमुक एक उपाय योजत असल्याचे कळवू शकते. दावा दाखल करणे हा त्या उपायांपैकीच एक. बोलण्याचे दार आपणच लावून घेतल्यावर, रक्कम मोठी असेल आणि दावा करण्याची मुदत शिल्लक असेल, तर एजन्सीपुढे कोर्टाची वाट उरते. कर्ज आपले नाहीच, किंवा ते कालबाह्य झालेले आहे, किंवा घरात आजारपण आहे आणि एकही फोन सहन होण्यासारखा नाही, अशा वेळीच ते पत्र पाठवावे, असे माझे मत आहे.

केवळ फोनचा जाच थांबवायचा असेल, तर त्याहून सौम्य मार्ग आहे. ३० नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या ‘रेग्युलेशन एफ’ या नियमावलीनुसार ‘मला फोन करू नका, जे काही असेल ते पत्राने कळवा’ असे आपण एजन्सीला सांगू शकता आणि तिला ते पाळावे लागते. याच नियमावलीनुसार एका कर्जासाठी सात दिवसांत सातपेक्षा जास्त फोन केले, किंवा एकदा बोलणे झाल्यावर सात दिवसांच्या आत पुन्हा फोन केला, तर तो जाच असल्याचे गृहीत धरले जाते. फोनची वेळ सकाळी ८ ते रात्री ९, आणि ती ऋणकोच्या स्थानिक वेळेनुसार.

ही स्थानिक वेळेची बाब मी स्वतः अनुभवली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला आलो आणि मोबाइल क्रमांक जुनाच ठेवला. सोफ्यासाठी घेतलेल्या एका स्टोअर कार्डाची बिले जुन्या पत्त्यावर जात राहिली, आणि पहिला फोन आला तो पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी, कारण फोन करणाऱ्याने क्रमांकावरून मला न्यू जर्सीत बसवले होते आणि तेथे आठ वाजून गेले होते. ‘८४३ डॉलर बाकी आहेत, आत्ता कार्डाने २०० भरलेत तर फाइल पुढे जाणार नाही,’ असे तो म्हणाला. ही फाइल कोठे जाणार होती, हे त्याने सांगितले नाही. झोपेतून उठून बसलेला माणूस अशा वेळी पाकीट शोधू लागतो, मीही शोधू लागलो होतो. बायकोने खुणेने ‘कागद माग’ असे सुचवले म्हणून मी वाचलो. मी त्याला माझी स्थानिक वेळ सांगितली, पत्ता दिला आणि लेखी सूचना पाठवण्यास सांगून फोन ठेवला.

पहिल्या संपर्कापासून पाच दिवसांच्या आत ही सूचना पाठवणे एजन्सीला बंधनकारक असते. माझ्या सूचनेत एक छोटा तक्ता होता. अमुक तारखेला बाकी ७९८, त्यानंतर लागलेले व्याज ४५, फी शून्य, आपण भरलेली रक्कम शून्य, एकूण ८४३. हे शून्य मला खटकले. त्या तारखेनंतर मी १२० डॉलर भरले होते आणि बँकेच्या खातेउताऱ्यावर त्याची नोंद होती. सूचनेच्या तळाशी कापून पाठवायचा भाग असतो, त्यात ‘हे कर्ज माझे नाही’, ‘रक्कम चुकीची आहे’ आणि ‘अन्य’ असे चौकोन असतात. मी दुसऱ्या चौकोनात खूण केली, खातेउताऱ्याची प्रत जोडली आणि सर्टिफाइड मेलने पाठवून पोचपावती जपून ठेवली. सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत असा लेखी आक्षेप गेला, तर पुरावा पाठवेपर्यंत एजन्सीला त्या रकमेची वसुली थांबवावी लागते. पाच आठवड्यांनी ७२३ डॉलरचे सुधारित पत्र आले आणि मी ते सर्व पैसे चेकने भरले.

आपल्या पहिल्या आक्षेपाला माझे उत्तर यातच आहे. फोनवर घाबरून २०० डॉलर दिले असते, तर मी ते चुकीच्या हिशेबात टाकले असते आणि उरलेल्या रकमेसाठी फोन चालूच राहिले असते. स्टोअर कार्डांचे हिशेब तर विशेष गुंतागुंतीचे असतात. ‘बारा महिने बिनव्याजी’ म्हणून घेतलेल्या वस्तूचे थोडेसे पैसे जरी मुदतीअखेर राहिले, तरी खरेदीच्या दिवसापासूनचे व्याज एकदम लावण्याची अट अनेक योजनांमध्ये असते, आणि ग्राहकाला ती फोन आल्यावर कळते. घेतलेले पैसे फेडले पाहिजेत, याविषयी आपला आणि माझा मतभेद नाही. किती, कोणाला आणि कोणत्या आधारावर, हे विचारणाऱ्याला आपण बुडव्यांच्या पंक्तीला बसवता, तेथे मात्र मला हरकत घ्यावीशी वाटते. वाण्याच्या वहीतली उधारीसुद्धा आपण ‘वही दाखवा’ म्हणूनच फेडतो. आणि हा कायदा केवळ ऋणकोंच्या कैवारासाठी केलेला नाही. जाच न करता वसुली करणाऱ्यांचे स्पर्धेत नुकसान होऊ नये, हा उद्देशही त्याच्या पहिल्याच कलमांत नोंदवलेला आहे.

हे कागदाचे प्रकरण मी इतके ताणून धरतो, त्याला आणखी एक कारण आहे. फोनवर जे बोलले जाते ते कागदावर कधीच लिहिले जात नाही. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीला ‘पैसे भरले नाहीत तर अटक होईल आणि व्हिसा जाईल’ असे सांगण्यात आले, आणि ती घरी नसताना तिच्या रूममेटला थकबाकीचा आकडाही ऐकवण्यात आला. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे. त्यासाठी अटकेची धमकी देणे या कायद्याने निषिद्ध आहे. तिसऱ्या व्यक्तीला एजन्सी फक्त ऋणकोचा पत्ता, फोन क्रमांक किंवा नोकरीचे ठिकाण विचारू शकते, कर्जाचा उल्लेखही करू शकत नाही. असे घडले तर तारीख, वेळ आणि बोललेले शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत, कारण एजन्सीवर दावा करायला एकच वर्षाची मुदत असते आणि ती गैरप्रकाराच्या दिवसापासून मोजली जाते. प्रत्यक्ष नुकसानीखेरीज कमाल १,००० डॉलर आणि वकिलाचा खर्च मिळू शकतो. त्यातून श्रीमंत कोणी होत नाही.

जुन्या कर्जाविषयी मी लिहिलेले आपल्याला विशेष लागले आहे, असे दिसते. मुदत संपेपर्यंत दडून बसा, असे मी म्हटलेले नाही. दावा करण्याची मुदत संपलेल्या कर्जासाठी दावा करणे किंवा तशी धमकी देणे एजन्सीला मनाई आहे. अनेक राज्यांत मात्र ‘सदिच्छा म्हणून’ दिलेल्या २० डॉलरनेही ती मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. न्यूयॉर्कमध्ये २०२२ पासून अशा कर्जांची मुदत तीन वर्षे आहे आणि तेथे पैसे भरल्याने ती नव्याने सुरू होत नाही. आपले राज्य काय म्हणते ते पाहून मगच पैसे द्यावेत, इतकेच माझे सांगणे होते.

शेवटी आपल्या समन्सविषयी, कारण आपण उत्तर दाखल केलेत की नाही, हे प्रतिक्रियेत लिहिलेले नाही. उत्तराची मुदत राज्यानुसार बदलते, बहुतेक ठिकाणी ती २० ते ३० दिवसांची असते आणि समन्सवरच छापलेली असते. एजन्सीला फोन करून ‘भरतो’ म्हणणे हे कोर्टात दाखल केलेले उत्तर ठरत नाही. उत्तर गेले नाही तर एकतर्फी निकाल लागतो आणि त्यानंतर पगारातून थेट कपात होऊ शकते. केंद्रीय कायद्यानुसार ती कर व सक्तीच्या वजावटी जाऊन उरणाऱ्या पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत असते, काही राज्यांत त्याहून कमी. खाते वादीच्याच मालकीचे आहे आणि रक्कम बरोबर आहे, हे त्याने सिद्ध करावे, असे उत्तरात लिहिता येते, आणि मुदत संपली असेल तर तो मुद्दा त्याच उत्तरात मांडावा लागतो. वकील परवडत नसेल तर आपल्या काउंटीतील (जिल्ह्यातील) लीगल एड म्हणजे कायदेशीर मदत देणाऱ्या कार्यालयात विचारावे. उत्तर दाखल झाल्यावर तडजोडीचे दार पुन्हा उघडते. तडजोड लेखी घ्यावी, आणि माफ झालेली रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाऊ शकते, हे लक्षात ठेवावे. समन्सवरची तारीख कृपया आजच पाहा आणि येथे कळवा. उत्तराचा मसुदा वाचून पाहायला मी तयार आहे.