एक मेल, अकरा देश आणि "कागद कुठे आहे?"

एचआर म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि रजांचा हिशोब, असं समजणाऱ्या मित्रमंडळींसाठी ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत नोकरकपात झाली. नाव सांगत नाही. मुख्यालय अमेरिकेत, माणसं अकरा देशांत. वरून पत्राचा एक मसुदा आला आणि सोबत हुकूम, की शुक्रवारी ठरलेल्या मिनिटाला सगळीकडे एकदम मेल जायला हवा. अमेरिकेत बहुतेक नोकऱ्या 'ॲट-विल' असतात. मालक कारण न देता कधीही काढू शकतो, नोकर कधीही सोडू शकतो. त्यामुळे तिथल्या कुणाला त्या मसुद्यात वावगं दिसणार तरी काय! जर्मनीच्या सहकारी बाईंनी मात्र तो वाचून एवढंच विचारलं, "कागद कुठे आहे?"

आम्हाला आधी कळेचना. मग त्यांनी समजावलं. तिथे नोकरी संपल्याची नोटीस कागदावर, पेनाने सही करूनच द्यावी लागते. मेल चालत नाही, स्कॅन केलेली सही चालत नाही. शिवाय कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती ('बेट्रीब्सराट') असेल तर प्रत्येक नोटिशीआधी तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. न ऐकता दिलेली नोटीस रद्दबातल. झालं, जर्मनीपुरता शुक्रवार रद्द केला आणि समितीसोबत दोन महिने बसलो. त्यात काही जणांना दुसऱ्या विभागात जागा मिळाली. वरचे साहेब वैतागले होते. मला विचाराल तर तेवढेच दोन महिने उरलेल्या दहा देशांनाही द्यायला हवे होते. तिथे मेल गेला आणि पाच मिनिटांत लॉगिन बंद.

व्यवस्थापनाचे अभ्यासक हॉवर्ड पर्लमुटर यांनी १९६९ मध्येच बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या तीन वृत्ती सांगितल्या होत्या. एक, आमच्या मायदेशात जे चालतं तेच सगळीकडे. दुसरी, ज्या देशात काम त्या देशाची रीत. तिसरी, सगळं जग एक धरून विचार. एचआर शिकणारा प्रत्येक जण हे पाठ करून परीक्षेत मार्क मिळवतो. आमचा मसुदा पहिल्या वृत्तीचा शुद्ध नमुना होता, फाइलचं नाव मात्र 'ग्लोबल टेम्प्लेट'.

पूर्वी यात एक सोय होती. कंपनी माणूस परदेशी पाठवायची, घरभाडं, मुलांची फी, वर्षातून एकदा घरी जायचं तिकीट ठरवायची, आणि तो परतला की त्याला बसवायचं कुठे म्हणून डोकं खाजवायची. आता काम इकडून तिकडे सरकतं, माणूस जागेवरच. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी (तिथे नोकरी करण्याच्या व्हिसाच्या) अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावलं, तेव्हा हे आणखी वाढणार हे उघड होतं. उलट बाजूने कुणी लॅपटॉप घेऊन परस्पर दुसऱ्याच देशात जाऊन बसतो. मॅनेजर म्हणतो, "काम होतंय ना?" होतंय हो. पण तिथला कर, तिथली सामाजिक सुरक्षा, आणि त्या एका माणसामुळे कंपनीचंच तिथे 'कायम आस्थापन' (म्हणजे तिथे कर लागू होईल असं ठाण) मानलं गेलं तर? ही फाइल येते आमच्याच टेबलावर.

मग नियम कुठे सारखे ठेवायचे आणि कुठे सोडायचे? पगार, सुट्ट्या, रजा जिथल्या तिथे ठरू देत. जगभर एकच पगार ही भाषणातली गोष्ट. पण नोकरीवरून काढताना आणि माणसावर नजर ठेवताना, ज्या देशाचा कायदा सगळ्यात कडक तोच सगळ्यांना लावावा, असं माझं मत आहे. खर्चिक आहे, मान्य. फायनान्सवाले माझ्याशी यावर अजून भांडतात.

परवा एका सॉफ्टवेअरचा डेमो होता. मुलाखत देणाऱ्याचा चेहरा बघून त्याचा 'उत्साह' मोजतं म्हणे. पडद्यावर एक मुलगी बोलत होती आणि कोपऱ्यात आकडा हलत होता, ७२, ६८, ६१. ती फक्त आठवत होती काहीतरी. मी म्हटलं, युरोपीय संघात कामाच्या ठिकाणी असं भावना ओळखणं फेब्रुवारी २०२५ पासून बंद आहे. अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा.

विक्रेता हसून म्हणाला, "काळजी नको मॅडम, युरोपसाठी तेवढं बटण बंद करता येतं."

"मग बाकीच्यांसाठी चालू का ठेवायचं?"

टीमशी बोलून कळवतो म्हणाला. अजून कळवलेलं नाही.