जांभळाच्या बियांची पूड आणि माझं एक चुकलेलं वाक्य

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. फ्लॅव्होनॉइडच्या, म्हणजे फळं-भाज्यांत निसर्गतः असणाऱ्या एका घराण्यातल्या द्रव्यांच्या, कॅप्सूलवर पैसे घालवू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, तुमच्या आई मधुमेहासाठी जांभळाच्या बियांची पूड घेतात, 'व्हिटॅमिन पी' (फ्लॅव्होनॉइडचंच जुनं नाव) शोधणाऱ्याला नोबेल मिळालं आहे, आणि पुण्यातल्या शिकलेल्या माणसांनीच झाडपाल्याला नाकं मुरडावीत याचं तुम्हाला वाईट वाटलं.

आधी माझी चूक. 'औषध म्हणून फ्लॅव्होनॉइडला काही अर्थ नाही' हे वाक्य मी लिहायला नको होतं, कारण ते खरं नाही. मूळव्याधीवर डॉक्टर जी डायोस्मिन-हेस्पेरिडिनची गोळी लिहून देतात, ती फ्लॅव्होनॉइडचीच असते. हेस्पेरिडिन संत्र्या-मोसंबीच्या सालीत भरपूर असतं. नेहमीच्या गोळीत ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन आणि ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन. मात्रा ठरलेली, माणसांवर तपासलेली. आणि पुण्याचं म्हणाल, तर पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन १९५७ मध्ये इथे आले, त्याच्या कितीतरी आधीच प्रयोगशाळेत फ्लॅव्होन (फ्लॅव्होनॉइडचाच एक प्रकार) बनवण्याच्या एका रीतीला त्यांचं नाव लागलं होतं. बेकर-वेंकटरामन अभिक्रिया आजही शिकवली जाते. या गावात राहून मी फ्लॅव्होनॉइडला नाकं कशी मुरडेन?

व्हिटॅमिन पीचं थोडक्यात सांगते. हंगेरियन शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९३६ मध्ये लिंबूवर्गीय फळांतल्या फ्लॅव्होनॉइडना ते नाव दिलं. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं ते पेशींमधल्या ज्वलनाच्या आणि क जीवनसत्त्वाच्या कामासाठी. फ्लॅव्होनॉइड न मिळाल्याने अमुक आजार होतो, असं पुढे कुणाला दाखवता आलं नाही, म्हणून ते नाव मागे पडलं.

आता आईंची पूड. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी होते, तो रंग अँथोसायनिनचा, म्हणजे फ्लॅव्होनॉइडच्याच घराण्यातला. सदऱ्यावर डाग पडला आणि साबण लावला की तो निळसर होतो, लिंबू पिळलं की परत लालसर. हा रंग सालीत आणि गरात असतो. बी फोडून बघा. आत फिकट, जिभेवर ठेवलं तर तोंड आवळून येईल इतकी तुरट. हा तुरटपणा मुख्यतः टॅनिनांचा, गॅलिक आणि इलॅजिक आम्लांच्या गोतावळ्यातला. डबीवर टपोरं जांभूळ छापलेलं असलं, तरी तो जांभळा रंग पुडीत नसतो.

'प्रयोगशाळेत सिद्ध झालंय' असंही तुम्ही लिहिलंत. झालंय, पण मुख्यतः काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर आणि उंदरांवर. कांद्यातलं क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड अशा पेशींवर थेट ओतता येतं. आपण कांदा खातो तेव्हा आतडं आणि यकृत त्याला लगेच दुसरे रेणू चिकटवतात, आणि मूळ रूपातलं क्वेर्सेटिन रक्तात जेमतेम सापडतं. उरलेलं मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात. म्हणून मी बशीतल्या निकालावर थांबत नाही, माणसांकडे बघते.

१९९३ मध्ये हॉलंडमधल्या ८०५ वयस्क पुरुषांचा अभ्यास आला. चहा, कांदे, सफरचंदं यांतून जास्त फ्लॅव्होनॉइड घेणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी होते. आशा वाटावी असंच ते होतं. पण सफरचंद खाणारा माणूस आणखीही बऱ्याच गोष्टी वेगळ्या करतो. मग अमेरिकेत २१ हजारांहून जास्त लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून, काहींना रोज ५०० मिलिग्रॅम कोको-फ्लॅव्हनॉल (कोकोतली फ्लॅव्होनॉइड) आणि काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. २०२२ मध्ये निकाल आला. हृदय-रक्तवाहिन्यांचे त्रास एकूण कमी झाले, असं ठामपणे म्हणता आलं नाही. त्यातले मृत्यू मात्र कमी दिसले. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. दार बंद झालेलं नाही, पण कॅप्सूल विकावी इतकं उघडलेलंही नाही.

मी इतकी चिडून का लिहिते, तेही सांगते. माझ्या मावशीने अशाच पुडीच्या भरवशावर शुगरच्या गोळ्या सोडल्या. कुणाला बोलली नाही. चार महिन्यांनी चपलेने पायाला साधं घासलं, ती जखम भरेना, तेव्हा आम्हाला कळलं. पाय वाचला, दोन बोटं गेली. पुडीने तिला विषबाधा झाली नव्हती. पुडीने तिची गोळी सोडवली होती.

तुमच्या आईंची गोळी चालू आहे ना, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आज विचारा. पूड सुरू करण्याआधीचा आणि नंतरचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट शेजारी ठेवून बघा, आणि पुढच्या खेपेला ती डबी डॉक्टरांपुढे ठेवा. जांभळं मात्र सीझनमध्ये जरूर खाऊ द्या, बेताने. कांदा सोलताना लाल सालीखालचा पहिला जाड पापुद्रा फेकू नका, क्वेर्सेटिन बाहेरच्या थरांतच जास्त असतं. पांढऱ्या कांद्यात ते जवळजवळ नसतंच.

मागच्या लेखातलं ते वाक्य मी आज सकाळी बदललं आहे. रिपोर्टमध्ये काय निघालं ते मला नक्की कळवा.