सान्रिकूच्या बेतातून मी काहीही वगळणार नाही

"जपानला जाताय आणि फुजी नाही? क्योतोसुद्धा नाही?" गेल्या दोन महिन्यांत हे इतक्या जणांनी विचारलं की आता एकदाच सविस्तर लिहिते.

मी, नवरा आणि आई असे तिघं पुढच्या मे महिन्याच्या शेवटी सान्रिकूला जातोय. होन्शू या जपानच्या मोठ्या बेटाचा हा ईशान्य किनारा. आमच्या नकाशात तो वर हाचिनोहेला सुरू होतो आणि खाली ओनागावाला संपतो. पुण्यातल्या एका टूरवाल्यांकडे सुरुवातीला चौकशी केली होती. ते म्हणाले, "तिकडे काही उरलं नाही मॅडम, त्सुनामीत गेलं सगळं." आणि तोक्यो, फुजी, क्योतो, ओसाका असा सहा रात्रींचा छापील कागद पुढे सरकवला. तो कागद वाईट नाही. पण ज्या किनाऱ्यावर आजही लाखो माणसं राहतात, मासे पकडतात, शाळेत जातात, त्याच्याबद्दल "काही उरलं नाही" हे वाक्य मला फार लागलं. बाकीचा बेत मग आम्हीच आखायला घेतला.

घरातला आक्षेप वेगळा होता. आमचे भावोजी प्रेमाने म्हणाले, "वहिनी, समुद्र बघा, कडे बघा, पण ती स्मारकं आणि पडक्या इमारती कशाला? सुट्टीत आईंना दुःख कशाला दाखवायचं?" त्यांचा हेतू चांगलाच होता. मी खरंच आठवडाभर त्या जागा यादीतून काढून बघितल्या. आणि लक्षात आलं की त्या काढल्या तर उरलेला किनाराही कळत नाही.

कारण सान्रिकूचं सौंदर्य आणि तिथला धोका, दोन्ही किनाऱ्याच्या एकाच घडणीतून आलेले आहेत. समुद्राची पातळी वाढली, नद्यांच्या दऱ्या बुडाल्या आणि त्यातून दातेरी, आत आत घुसणाऱ्या खाड्या तयार झाल्या. भूगोलात याला रिया किनारा म्हणतात. मी रत्नागिरीची. बुडालेली नदीमुखं, दोन डोंगरांमधून आत आलेलं पाणी, टोकाला गाव हे चित्र मला अनोळखी नाही. सान्रिकूची खाडी तोंडाशी रुंद आणि आत अरुंद, त्यामुळे लाटांपासून आडोसा मिळतो, होड्या सुरक्षित राहतात, कालवं आणि वाकामे हे समुद्री शेवाळ वाढवता येतं. पण त्सुनामीचं पाणी आत शिरलं की त्याच चिंचोळ्या जागेत दाटून ते उंच चढतं. १८९६ मध्ये इथे सुमारे २२,००० माणसं गेली, १९३३ मध्ये सुमारे ३,०००. ११ मार्च २०११ ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, आणि त्या आपत्तीत देशभरात १८,००० हून अधिक माणसं मरण पावली किंवा बेपत्ता झाली. खाडीचा फोटो काढायचा आणि तिच्या टोकाशी काय घडलं ते विचारायचं नाही, हे मला जमणार नाही.

आता बेत. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जपानमध्ये 'गोल्डन वीक'च्या सुट्ट्या असतात, तेव्हा खोल्या मिळणं कठीण. जून-जुलैत समुद्रावरून 'यामासे' नावाचा थंड वारा येतो आणि त्याच्यासोबत धुकं, मग कडे दिसणार कसे? सप्टेंबर-ऑक्टोबरात वादळांची भीती. म्हणून मेचा शेवट. उनी, म्हणजे समुद्री अर्चिन, खायचाच असेल तर मात्र उन्हाळ्यात जा, त्याचा मोसम तेव्हा असतो.

तोक्योहून शिन्कान्सेनने हाचिनोहेला पावणेतीन तासांच्या आसपास पोहोचतो. पहिला मुक्काम तिथे, तो काबुशिमासाठी. किनाऱ्याला जोडलेलं हे छोटंसं बेट हजारो काळ्या शेपटीच्या कुरवांचं विणीचं ठिकाण आहे. त्यांना जपानीत 'उमिनेको' म्हणतात, समुद्रमांजर, कारण आवाज तसाच. मेमध्ये पक्षी अगदी पायवाटेच्या कडेला अंड्यांवर बसलेले असतात. बेटावरचं देऊळ बेन्झाइतेनचं, म्हणजे बौद्ध धर्मासोबत चीनमार्गे तिकडे पोहोचलेल्या आपल्या सरस्वतीचं. २०१५ मध्ये ते जळलं आणि पुन्हा बांधलं. आईला हे सांगितल्यावर तिने वहीत पहिलं नाव काबुशिमाचं लिहिलं.

तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने कुजी, आणि कुजीपासून ज्या गाडीसाठी मी हा सगळा खटाटोप करतेय ती सान्रिकू रेल्वे. कुजी ते साकारी, १६३ किलोमीटर, सलग बसलं तर साडेचार तासांच्या आसपास. बहुधा एकदोन डबेच असतात. जपान रेल पास हिच्यावर चालत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं. आणि गाड्या थोड्या, एक चुकली तर पुढची कधी दीड-दोन तासांनी. त्यामुळे आमचा बेत प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवर न आखता या गाडीच्या वेळापत्रकावर आखलाय. बरेच बोगदे आहेत, सतत समुद्र दिसेल अशा आशेने बसू नका. पण बोगद्यातून बाहेर पडताच अचानक खाली एक खाडी उघडते, आणि ओसावा पुलावर तर प्रवाशांना समुद्र नीट बघता यावा म्हणून गाडीचा वेग कमी करतात.

२०११ मध्ये या रेल्वेचे रूळ, पूल, स्टेशनं वाहून गेली. तरीही पाचव्या दिवशी, १६ मार्चला, कुजी ते रिकुचू-नोदा एवढ्याच तुकड्यावर त्यांनी गाडी सोडली. रस्ते बंद, पेट्रोल नाही, माणसं आपली माणसं शोधत फिरतायत, आणि गाडी आली. सुरुवातीचे दिवस भाडंही घेतलं नाही. पुढे तीन वर्षांनी, एप्रिल २०१४ मध्ये, त्यांचे मूळचे दोन्ही मार्ग पूर्ण सुरू झाले. २०१९ मध्ये मधला मियाको-कामाइशी तुकडाही त्यांच्याकडे आला, त्याच ऑक्टोबरात वादळाने पुन्हा मार्ग तोडला, आणि मार्च २०२० मध्ये तो पुन्हा जोडला. सेन्दाई ते हाचिनोहे ३५९ किलोमीटरचा नवा महामार्ग २०२१ च्या डिसेंबरात पूर्ण झाला. बऱ्याच भागात टोल नाही आणि वेळही पुष्कळ वाचतो, हे मान्य. तरी तिघांचे पैसे या रेल्वेच्या गल्ल्यात जावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तानोहाताला दोन रात्री. जवळच कितायामाझाकी, समुद्रातून सरळ उठलेले २०० मीटरपर्यंतचे कडे, आठ किलोमीटर पसरलेले. वरच्या सज्जांवरून आई आरामात बघू शकेल. खाली समुद्रापर्यंत शेकडो पायऱ्या आहेत, तिथे आम्ही दोघंच जाऊ. कोळ्यांच्या 'साप्पा' नावाच्या छोट्या होड्यांतून कड्यांच्या पायथ्याशी नेतात, पण समुद्र खवळला की फेरी रद्द. म्हणूनच दोन रात्री. एक दिवस मोकळा ठेवला नाही तर नेमकी तीच गोष्ट हुकते.

मियाकोला तीन रात्री. जोदोगाहामाचे पांढरे टोकदार खडक, त्यांच्या डोक्यावर पाइन, मध्ये काचेसारखं शांत पाणी. 'जोदो' म्हणजे अमिताभ बुद्धाची सुखावती. एका भिक्षूला ती जागा तशी भासली, म्हणून हे नाव. त्याच मुक्कामात जवळच्या तारो गावातलं जुनं हॉटेल. सहा मजली इमारत, खालचे दोन मजले पाण्याने सोलून फक्त लोखंडी सांगाडा उरलेला, आणि वरचे मजले जागच्या जागी. आत जायचं तर आधी वेळ घेऊन, मार्गदर्शकासोबत. तारोने १९३३ नंतर दहा मीटर उंचीच्या, एकूण सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या भिंती उभारल्या होत्या. २०११ चं पाणी त्यांच्यावरून आलं.

एक दिवस गाडी भाड्याने घेतोय, आनेयोशीसाठी. तिथे १९३३ नंतर गावकऱ्यांनी एक दगड रोवला. त्याच्या खाली घर बांधू नका, असं त्यावर कोरलंय. २०११ मध्ये या भागात पाणी ४० मीटरच्या वर चढलं आणि त्या दगडाच्या खालीच थांबलं. वरची घरं वाचली. मी हे आईला वाचून दाखवलं तेव्हा ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांनी मांगराच्या भिंतीवर गेरूने रेघ ओढली होती, आठवते का? उधाणाचं पाणी चढलं होतं तिथवर. त्या रेघेखाली भाताची कणगी ठेवू द्यायचे नाहीत." मला ती रेघ आठवत होती, कशासाठी होती ते ठाऊक नव्हतं. भावोजींना मी हेच सांगितलं. हा दगड दाखवून मी आईला दुःखी करणार नाही, तिला त्याची भाषा आधीच येते.

साकारीला रेल्वे संपते. पुढे पूर्वीच्या रुळांच्या जागी केलेल्या रस्त्यावर बस धावते, तिने रिकुझेनताकाता. तिथल्या किनाऱ्यावर सुमारे ७०,००० पाइन होते, एक उभा राहिला. खाऱ्या पाण्याने पुढे तोही मेला, आता जतन करून स्मारक म्हणून उभा केलाय. शेजारच्या त्सुनामी संग्रहालयाला प्रवेशमूल्य नाही. या टप्प्यात अनेक गावांतून समुद्र दिसणारच नाही, समोर काँक्रीटची उंच भिंत असेल. प्रवासी त्या भिंतींबद्दल "दृश्य बिघडवलं" म्हणून तक्रार करतात, ते मला पटत नाही. ज्यांनी तिथे माणसं गमावली, त्यांना दृश्य कसं असावं हे आपण सांगू नये. ओनागावाने मात्र वेगळं ठरवलं. जमीन उंच केली, घरं वर नेली आणि गावातून समुद्र दिसत राहील असं केलं. दोन्ही निर्णय तिथल्या लोकांचे आहेत, दोन्ही बघायचे आहेत.

शेवटचा मुक्काम त्याच ओनागावाला. वास्तुकार शिगेरू बान यांनी रेखाटलेलं पांढऱ्या छताचं स्टेशन, त्याच इमारतीत गरम पाण्याचं स्नानगृह. २०११ मध्ये भारताच्या एनडीआरएफचं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं, ४६ जणांचं पथक याच गावात शोधकार्याला गेलं होतं. देशाबाहेर त्यांचं हे पहिलंच काम. हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे आणि ते माहीत असायला हवं, असं मला तीव्रतेने वाटतं.

राहिला खाण्याचा प्रश्न. आई माळकरी. थंड ओयाशिओ आणि उबदार कुरोशिओ हे प्रवाह जिथे भेटतात अशा समुद्राकाठी जातोय, म्हणजे ताटात मासाच मासा. साध्या मिसो सूपमध्येही बहुतेकदा माशाचं दाशी, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, असतं. "शाकाहारी" एवढंच कळवून भागत नाही, हे मी एका छोट्या खानावळवजा घरगुती हॉटेलशी पत्रव्यवहार करून शिकले. आता स्पष्ट लिहिते: कात्सुओबुशी या वाळवलेल्या माशाचं दाशी नको, कोम्बू या समुद्री शेवाळाचं चालेल; भात, तोफू, वाकामे, भाज्या, लोणची चालतील. दोन ठिकाणांहून होकार आलाय. एका ठिकाणच्या मालकिणीने तर आईचं वय विचारून खोली खालच्या मजल्यावर दिली. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी सोबत आहेच.

कुणी तिकडे शाकाहारी माणसाला घेऊन गेलं असेल तर वाटेवरचं केसेन्नुमा आणि ओनागावाबद्दल नक्की सांगा, तिथलं अजून जमलेलं नाही. आणि हाचिनोहेहून दक्षिणेला जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. आईने ती खिडकी आत्ताच मागून ठेवली आहे.