बाबांना पुढे बसवू नका

कोलाडला रविवारी सकाळी राफ्ट, म्हणजे नदीवरची हवा भरलेली रबरी होडी, भरताना बघा. कुटुंब आलं की जागा न बोलता ठरतात. बाबा सगळ्यात पुढे, कारण फोटो. आई मागे, कारण भीती. मुलगी मधे, कारण 'सांभाळून'. राफ्ट सुटली की बाबांची सूत्रं हलायला लागतात, "अगं डावीकडून मार, जोरात!" मागे बसलेला गाइड त्याच क्षणी 'स्टॉप' म्हणत असतो. निम्मी राफ्ट बाबांचं ऐकते, निम्मी गाइडचं, आणि राफ्ट आडवी होऊन दगडाला लागते. मग दोष कुणाचा यावर जेवणापर्यंत वाद.

राफ्टिंगने कुटुंब जवळ येतं असं सगळे म्हणतात. माझं मत असं की ते आपोआप होत नाही. घरातली उतरंड जशीच्या तशी राफ्टमध्ये नेली, तर दोन तासांनी फक्त ओले कपडे आणि पेनड्राइव्हवरचे फोटो मिळतात.

आधी नदीबद्दल थोडं. कोलाडच्या कुंडलिका नदीवर पावसाळा नसतानाही राफ्टिंग चालतं ते वीजनिर्मितीमुळे. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि पुढे सकाळी नदीत सोडलं जातं. (हो, तेच मुळशी, सेनापती बापटांच्या सत्याग्रहाचं. कृष्णेच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी इथे अरबी समुद्राला मिळतं.) राफ्ट त्या सोडलेल्या पाण्याबरोबर निघते, म्हणून उशिरा पोचलात तर पाणी तुमच्यासाठी थांबत नाही. आदल्या रात्रीच कोलाडला मुक्काम करा. टप्पा साधारण 12 ते 14 किलोमीटरचा, दीड-दोन तासांचा, रॅपिड (खळाळत्या पाण्याचे पट्टे) दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे, श्रेणी जितकी वरची तितका रॅपिड अवघड. सुरुवातीला हेच बरं. गोव्यात वाळपई भागात म्हादईवर होतं ते पावसाळ्यातलं. ऋषिकेशची गंगा नंतर. तिथलं पाणी हिमालयातलं, हाडं गोठवणारं, आणि वरच्या अंगाच्या कौडियालाकडून निघालात तर 'वॉल'सारखा चौथ्या श्रेणीचा रॅपिड लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे राफ्टिंग बंदच असतं. 14 वर्षांखालचं मूल असेल तर वय वाढवून सांगू नका. लाइफ जॅकेट लहान छातीवर बसत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

आता जागा. पुढची जोडी ताल ठरवते, बाकीच्यांनी आपल्या बाजूच्या पुढच्या माणसाची पाठ बघत वल्हं मारायचं. म्हणजे पुढे ताकद नको, लय हवी. ढोलपथकात वाजवणारी सोळा वर्षांची मुलगी असेल तर तिला पुढे बसवा. बाबांना मागे, गाइडच्या जवळ. त्यांची ताकद तिथे राफ्ट वळवायला कामी येते, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच लेकीच्या तालावर हात हलवावा लागतो. ताकदीची दोन्ही माणसं डावीकडे बसवलीत तर राफ्ट सारखी उजवीकडे वळत राहील, म्हणून एक डावीकडे, एक उजवीकडे. ज्याला पाण्याची भीती वाटते तो मधल्या ओळीत. पोहता येत नाही ही अडचण नाही, जॅकेट सैल असणं ही अडचण आहे.

जॅकेट तपासायची रीत सोपी: खालचा पट्टा आधी आवळा, मग वरचे, आणि दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढायचं. कानापर्यंत आलं तर सैल. हे एकमेकांचं करा, आयोजकांच्या पोराला एका वेळी तीस माणसं बघायची असतात. हेल्मेट भुवयांवर बसलं पाहिजे, टोपीसारखं मागे नाही. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या हॉटेलवर. चष्म्याला दोरी. चपला नकोत, मागून पट्टा असलेल्या सँडल हव्यात. सुती कपडे आणि जीन्स ओल्या झाल्या की जड होतात आणि वाळत नाहीत. सनस्क्रीन मांड्यांवरही लावा, बसल्यावर सगळं ऊन तिथेच पडतं.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला टी आकाराची मूठ असते. आतल्या बाजूचा हात कायम त्या मुठीवर. राफ्टमध्ये दात पडतो तो दगडाने कमी, शेजारच्याच्या सुटलेल्या मुठीने जास्त. पाय पुढच्या आडव्या ट्यूबखाली (हवा भरलेल्या जाड नळीखाली) किंवा पाऊल अडकवायच्या खोबणीत, आणि बसायचं राफ्टच्या कडेच्या ट्यूबवर, आत नाही. आत सरकून बसलात तर वल्हं पाण्यापर्यंत पोचतच नाही.

खरी गंमत घरच्या सवयींची आहे. चार सवयी घरात शहाणपणाच्या, राफ्टमध्ये घातक. पहिली, लाट आली की वल्हं सोडून एकमेकांना धरणं. पाण्यात रुतलेलं पातं हा तुमचा तिसरा पाय आहे. वल्हं थांबवून आक्रसलेला माणूसच आधी बाहेर उडतो. गाइड 'गेट डाउन' (आत खाली बसा) म्हणेपर्यंत मारत राहायचं. दुसरी, कुणी पडलं की सगळ्यांनी त्याच बाजूला झुकणं. वजन एका बाजूला गेलं की दुसरा पडतो, कधी आख्खी राफ्ट उलटते. तिसरी, पोर पडलं म्हणून बापाने उडी मारणं. आता गाइडला एक नाही, दोन माणसं शोधायची. चौथी, सगळ्यांनी एकदम ओरडून सूचना देणं. पडलेल्याला त्यातली एकही कळत नाही.

पडलेल्याने करायचं ते थोडकंच. पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याबाहेर. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, पाणी अगदी गुडघ्याखाली येईपर्यंत नाही. तळाच्या दोन दगडांत पाऊल अडकलं की मागचा प्रवाह माणसाला पुढे तोंडावर पाडतो आणि दाबून ठेवतो. कमरेएवढ्या पाण्यात माणसं बुडतात ती अशी. दोरी फेकली (ती पिशवीत भरलेली असते) तर पिशवी नाही, दोरी धरायची, छातीशी, हाताला न गुंडाळता. दोरीकडे पाठ, खांद्यावरून दोरी.

आयोजक निवडताना दोनच गोष्टींवर अडून बसा. एक, सोबत सेफ्टी कयाक, म्हणजे पडलेल्याला गाठायला बरोबर चालणारी छोटी होडी, आहे का. दोन, राफ्ट आपलीच का. सात-आठ जागा असतात. चौघांत चार अनोळखी बसवले की सगळे पुन्हा पाहुण्यांसारखे वागायला लागतात. आत्या-मावशीचं कुटुंब बरोबर घ्या आणि राफ्ट भरा. हृदयविकार, मणक्याचं दुखणं, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल त्यांनी काठावरच्या गाडीत बसून पुढच्या टोकाला यावं. सकाळी पोहे खा, पण पोटभर नको.

रॅपिड संपले की शेवटी संथ पाणी लागतं. तिथे बहुतेक लोक फोटोसाठी उतरतात. त्याऐवजी गाइडला विचारून एकेकाने मुद्दाम पाण्यात उतरा आणि बाकीच्यांनी त्याला वर घ्या. हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. पाण्यातल्या माणसाचं तोंड राफ्टकडे, जॅकेटचे दोन्ही खांदपट्टे मुठीत, आपले गुडघे ट्यूबला टेकवायचे आणि 'एक, दोन, तीन' म्हणत सरळ मागे पडायचं. इथे दंडाची ताकद लागत नाही, पडणाऱ्याचं वजन काम करतं. पन्नास किलोची आई ऐंशी किलोच्या बाबांना वर घेते, फक्त ते थेट तिच्या अंगावर येऊन पडतात.